मोरीमागची भिंत

गिरगाव, भुलेश्वर किंवा काळबादेवीत जुन्या इमारतींच्या पाठी एकमेकींसमोर येतात, तिथे पाच-सहा फुटांची अरुंद बोळ असते. मुंबईकर तिला हाउस गल्ली म्हणतात. तिथून वर पाहिले की दिसतात बिडाचे पाइप, पाइपांच्या सांध्यांजवळ फुटलेली पिंपळाची रोपे आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी खाली उतरलेले हिरवे-काळे पट्टे. गिलाव्याचे पोपडे निघालेले असतात, आतली वीट उघडी पडलेली असते. अशा प्रत्येक पट्ट्याच्या पलीकडे कुणाची ना कुणाची मोरी असते. आतून पाहिले तर त्याच भिंतीवर बुरशीची काळी नक्षी असते आणि रंग फुगून पापुद्रे सुटलेले असतात.

ही ओल बहुतेक घरांत आता नशिबाचा भाग मानली जाते. पावसाळा संपला की रंगारी बोलवायचा, भिंत खरवडायची, लांबी भरून रंग मारायचा आणि पुढच्या श्रावणात तोच डाग त्याच जागी पाहायचा. पण मोरीमागची भिंत नेहमी अशी नव्हती. तिला रोग जडला तो पाणी घरात आणणाऱ्या, चुना सोडून सिमेंट धरणाऱ्या आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हे धूसर होऊ देणाऱ्या शे-दीडशे वर्षांत. भिंत भिजणार हे जुन्या बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते आणि ती सुकेल कशी याची सोय केली होती. नंतरच्यांनी ती भिजूच नये असा बंदोबस्त करायला घेतला. पाणी मात्र आत शिरतच राहिले, आणि आता त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही.

कोकणातल्या जुन्या घराची न्हाणी मुळात घराच्या अंगाला लागूनच नसे. ती मागीलदारी, विहिरीच्या वाटेवर. जांभ्याच्या चिऱ्यांचा कमरेएवढा आडोसा, वर झावळ्या, खाली दगड आणि बाजूला पाणी तापवायची चूल. सांडपाणी पाटाने अळूच्या आणि केळीच्या बुंध्याशी जाई. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून पावसाच्या माऱ्याकडची घराची भिंत पावसाळ्याआधी झावळ्यांच्या झापांनी झाकायची पद्धत होती. पाऊस सरला की झापे उतरायची आणि भिंतीला वारा लागायचा.

पुण्याच्या वाड्यांत पाणी जरा जवळ आले. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरात पाणी आणले गेले. ते वाड्यांतल्या आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचे. हौदातून ते घागरीने न्हाणीघरात जाई, तिथे तांब्याच्या बंबात तापे आणि घंगाळात ओतले जाई. न्हाणीघर मागच्या चौकाकडे असे, फरशी काळ्या दगडाची, उतार बाहेरच्या गटाराकडे. वाड्याचे जोतेही घडीव काळ्या दगडाचे. हा दगड इतका घट्ट असतो की जमिनीतली ओल त्यातून फारशी वर चढत नाही. वीट आणि सागवान त्याच्या वरून सुरू होत. आंघोळीला किती पाणी लागावे हे ते वाहून आणणाऱ्याच्या खांद्यावर ठरत होते, त्यामुळे भिंतीवर पडणारे पाणीही मोजकेच होते.

या सगळ्या बांधकामाचा प्राण चुना होता. किनाऱ्यावर शिंपल्यांचा, देशावर चुनखडीचा. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजलेली चुनखडी कळीचा चुना होते. तो पाण्यात विरवला की फसफसतो, तापतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. मग तो चुन्याच्या घाणीत पडे. गोल खोदलेल्या दगडी चरात उभे दगडी चाक, त्याला बैल जुंपलेला आणि चरात चुना, वाळू, विटांची पूड म्हणजे सुरखी. सुरखी ही शोभेची भर नव्हती. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि असा चुना ओल्या जागीही घट्ट होतो. न्हाणीघर, हौद, गच्ची इथे म्हणूनच सुरखीचा चुना वापरायचे. त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालण्याची रीत होती. ही केवळ आजीच्या बटव्यातली गोष्ट नाही: गच्चीवरच्या चुन्याच्या कोब्यासाठी जी भारतीय मानक संहिता आहे, तिच्यातही गूळ आणि बेलफळाच्या पाण्याचा उल्लेख आहे. कोबा ओतल्यावर बायका रांगेने बसून लाकडी थाप्यांनी तो दिवसचे दिवस ठोकत, अधूनमधून हे पाणी शिंपडत. थापी उसळी मारू लागली की कोबा जमला असे मानायचे.

चुन्याचा गिलावा पाणी अडवण्यापेक्षा ते हळूहळू सोडण्याचे काम करतो. त्यातली बारीक छिद्रे वाफेला वाट देतात. भिंत ओली झाली तर ओल पृष्ठभागापर्यंत येते आणि उडून जाते. त्यावरची सफेदी बुरशीचा काळच होती. ताज्या चुन्याचा सामू १२च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशी जगत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत चुना पुन्हा चुनखडी बनतो तसतसा हा गुण ओसरतो, आणि पुढच्या पावसाळ्याअखेर बुरशी पुन्हा हातपाय पसरू शकते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे पावसाने भिंत भिजवून झाल्यावर लगेच, घराला सफेदी देण्याच्या प्रथेमागे हे रसायन उभे होते. वर्षातून एकदा प्रत्येक भिंतीवरून माणसाचा हात फिरत असे. कुठे गिलावा पोकळ झाला, कुठे लोणा फुटला हे त्या हाताला कळे.

मुंबईत हा हिशेब बदलला तो १८६० साली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेतून विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच कॉनिबेअरचा. त्यामागून १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. विहिरी-तलावांवर आणि पखालींवर जगणाऱ्या शहराला हे मोठे वरदान होते. पण नळ जितक्या झपाट्याने पसरला तितकी गटारे पसरली नाहीत. आलेले पाणी जायचे कुठे? भरती ओहोटीच्या पातळीशी झगडणाऱ्या, भराव घालून जोडलेल्या बेटांच्या सखल जमिनीत ते मुरले आणि जोत्यांतून वर चढू लागले.

याच काळात गिरण्यांसाठी कोकणातून, घाटावरून माणसे येत होती आणि चाळी उभ्या राहत होत्या. दहा-बारा फुटांच्या खोलीत एका कोपऱ्यात, खिडकीखाली मोरी आली. अडीच-तीन फुटांचा चौकोन, वीतभर उंचीचा कठडा, तळाला शहाबादी फरशी, भिंतीत भोक आणि बाहेर पाइप. भांडी तिथेच, कपडे तिथेच, पडदा ओढून आंघोळही तिथेच. शेजारी पाण्याचे पिंप. ज्या भिंतीजवळ पूर्वी दिवसातून घागरभर पाणी सांडे, तिथे आता आठ-दहा माणसांचे सारे पाणी सांडू लागले, आणि तेही पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावर. भिंत होती सागवानी खांबांच्या सांगाड्यात भरलेल्या विटांची. मोरीचे पाणी त्या विटांतून तुळयांच्या टोकांपर्यंत पोचले की लाकूड आतून कुजू लागे. वरून मात्र सगळे धडधाकट दिसायचे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ओल हा सरकारी चिंतेचा विषय झाला. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा, सखल आणि दाट वस्तीचा भाग. रोग घाणीतून, कोंदटपणातून आणि ओलसर जमिनीतून उठतो अशी तेव्हाची समजूत होती. पथके घरोघरी शिरली. भिंतींना चुना मारला गेला, कार्बोलिक आम्लाने मोऱ्या आणि गटारे धुतली गेली, ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली. काही इमारतींवर ‘राहण्यास अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली: यू एच एच. लोकांच्या वाट्याला यातून धाक आणि अपमान आला, आणि हजारोंनी शहर सोडले. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे दाखवून दिले. ओलीचा प्लेगशी थेट संबंध नव्हता. पण तोवर ओलीविरुद्ध यंत्रणा उभी राहिली होती. त्याच १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरातल्या उजेडाचा आणि हवेचा प्रश्न भूमितीने मांडला. खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून खोलीच्या पायथ्याशी ओढलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करणार नाही. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी. चाळीस फुटी इमारतीपुढे वीस फूट. हाउस गल्ली होती पाच-सहा फुटांची. मोरीमागच्या भिंतीला दिवसाकाठी ऊन का मिळत नाही आणि ती का सुकत नाही याचे उत्तर या एका आकड्यात होते. नियम नव्या बांधकामाला लागू करता आला. जुन्या गल्ल्या जशा होत्या तशाच राहिल्या आणि आजही आहेत.

पुढचा बदल पोत्यातून आला. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून पोर्टलंड सिमेंट बाहेर पडू लागले. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीत १२. खोली साधारण १६० चौरस फुटांची. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली आणि सिमेंट हे आधुनिकतेचे नावच बनले. चुना विरवायला दिवस लागतात, घाणीला बैल लागतो, गिलावा धरायला आठवडे लागतात. सिमेंट रात्रीत घट्ट होते. गवंड्यांच्या एक-दोन पिढ्यांत घाण्या बंद पडल्या आणि चुन्याचा हात असलेले कारागीर दुर्मीळ झाले.

नव्या इमारतींत सिमेंट आपल्या जागी होते. घोटाळा झाला तो चुन्यात बांधलेल्या जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढवल्याने. हा गिलावा कडक आणि घट्ट. त्याला बारीक भेगा जातात, भेगांतून पाणी आत जाते, पण तितक्या वाटांनी बाहेर येऊ शकत नाही. मग ते विटांत साठते, सोबत क्षार विरघळवते आणि जिथे बाष्पीभवन होते तिथे क्षारांचे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक गिलाव्यामागे वाढले की त्याला आतून ढकलतात. थापीच्या दांड्याने ठोकल्यावर येणारा भद्द आवाज हा त्या पोकळीचा. मुंबईत त्यात खाडीच्या रेतीची भर पडली. ठाणे, कळवा, मुंब्रा या रेतीबंदरांवर उतरणारी रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर तिच्यातले मीठ गिलाव्यात जाते. मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून अशी भिंत नळ बंद असतानाही जुलैत ओलसरच लागते.

रंगानेही बाजू बदलली. १९४२ साली गिरगावात सुरू झालेल्या एशियन पेंट्सच्या जाहिरातींतला गट्टू हा मुलगा १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी चितारला, आणि डिस्टेंपर मध्यमवर्गीय घरांत पोचले. ते हाताला लागत नसे, रंगांची निवड देत असे आणि पुसता येत असे. लोकांना ते आवडले यात नवल नाही. पण जुन्या डिस्टेंपरमध्ये रंग धरून ठेवायला सरस, केसीन किंवा तेल असे, आणि सेंद्रिय पदार्थ हे बुरशीचे अन्न आहे. वीट किंवा चुना बुरशीला पोसत नाही. तिला पोसतो तो भिंतीवरचा रंग, साबणाचा थर, धूळ आणि त्वचेचा तेलकटपणा. ऑइल पेंटने पृष्ठभाग आणखी बंद केला. वार्षिक सफेदी गेली आणि चार-पाच वर्षांनी एकदा रंग काढण्याची सवय आली. मधल्या काळात भिंतीकडे कुणी पाहीनासे झाले.

खरे तर कुणी पाहायचे, हाच प्रश्न झाला होता. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. गिरणी कामगाराच्या, कारकुनाच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे त्या कायद्याचे ऋण नाकारता येत नाही. पण चाळीच्या मालकाला दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा घालवासा वाटेना. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळाची तरतूद झाली आणि बेटावरच्या १९,६०० हून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती सुरू झाली. कुजलेल्या सागवानी तुळया काढून लोखंडी गर्डर बसले, त्यावर लादी आणि कोबा आला. यामुळे कैक इमारती कोसळण्यापासून वाचल्या. पण मोरीची गळती तशीच राहिली तिथे लोखंडही गंजू लागले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. लाकूड निदान हळूहळू कुजत होते.

मालकीच्या फ्लॅटचा जमाना आला, तशी मोरीची बाथरूम झाली. खोलीच्या कोपऱ्यातून ती बंद दाराआड गेली, पाइप भिंतीत गाडले गेले, आणि पांढऱ्या चकचकीत टाइल्स कमरेपर्यंत, मग दारापर्यंत, मग छतापर्यंत चढल्या. टाइल स्वतः पाणी शोषत नाही, पण दोन टाइलांमधली रेघ शोषते. बाथरूम धुवायला अ‍ॅसिड वापरायची सवय त्या रेघेतले सिमेंटच खाते. रेघेतून उतरलेले पाणी जमिनीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये जाते. पाइपांसाठी फूटभर खाली घेतलेल्या या स्लॅबमध्ये विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. न्हाणी ट्रॅपभोवतीचा सांधा सैल झाला की तिथे कायमचे पाणी साठते. वरच्या घरात सगळे कोरडे दिसते, खालच्या घराच्या छतावर नकाशा उमटतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांची आतली गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची आणि बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची सोसायटीने. प्रत्यक्षात पाणी कुठून आले हे सिद्ध करण्यातच पावसाळे सरतात.

ते सिद्ध करता येते, आणि त्याला जादू लागत नाही. जाणता प्लंबर आधी डागाचे वेळापत्रक विचारतो. फक्त पावसात वाढणारी ओल बाहेरच्या भिंतीची. वापरानंतर तासाभराने वाढणारी सांडपाण्याच्या पाइपाची. रात्रंदिवस सारखी राहणारी, नळ बंद असताना मीटर फिरवणारी ओल पाणीपुरवठ्याच्या पाइपाची. ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवले की कोब्याची परीक्षा होते. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडले की सांध्याची. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला आणि थेंब त्याच्या आतल्या अंगाला आले, तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या अंगाला आले, तर ती कोंडलेल्या वाफेची आहे आणि खिडकी किंवा पंखा हाच इलाज आहे.

त्यानंतर उपचार, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी थांबवायचे. मग डागाच्या कडेच्या पुढे फूटभर जाऊन गिलावा विटेपर्यंत उतरवायचा, दरजा खरवडायच्या, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. धुतले तर ते परत आत जातात. मग भिंत उघडी ठेवायची. हा टप्पा बहुतेक घरांत वगळला जातो, कारण नऊ इंची भिजलेली भिंत सुकायला महिने लागतात आणि उघड्या विटांसोबत राहायला कुणाला आवडत नाही. ब्लीचने बुरशीचा वरचा थर जातो, पण ओल राहिली तर ती परत येते. आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत. भिंत चुन्यात बांधलेली असेल तर गिलावाही सुरखी घातलेल्या चुन्याचा हवा. मुंबईत वारसा इमारतींच्या संवर्धनाच्या कामांवर चुना पुन्हा विरवला जाऊ लागला आहे आणि काही तरुण गवंडी तो हात शिकत आहेत. साध्या उपकरप्राप्त चाळीपर्यंत तो अजून पोचलेला नाही, आणि त्याची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे.

दरम्यान शहर बदलते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्या वस्तीला घरात स्वतःची न्हाणीघरे मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. आता या पाइपांच्या उभ्या डक्टांत वर्षातून एकदा उतरणार कोण, प्लंबिंगचे नकाशे सोसायटीच्या कपाटात असतील का, आणि देखभालीच्या वर्गणीत त्यासाठी रक्कम बाजूला काढली जाईल का, हे पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठरायला हवे. मुंबई महापालिकेचा कायदा संरचनात्मक तपासणी सक्तीची करतो ती इमारत ३० वर्षांची झाल्यावर. न्हाणी ट्रॅपचा सांधा तेवढी वाट पाहत नाही.